बाहेरच्या कंपनीचा कारखाना गावात आला तर गावाचं भलं होतं का?

राजापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या सदस्य ताईंचा प्रश्न आहे. त्या लिहितात, "आमच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, बाहेरच्या कंपनीचा कारखाना येणार अशी हवा आहे. मुंबईला राहणाऱ्या आमच्या गावकऱ्यांचं मंडळ म्हणतं, येऊ दे, पोरं गावात परत येतील. खाडीकडच्या वाड्या म्हणतात, नको. जिथे असे कारखाने आले त्या गावांचं खरंच भलं झालं का, की वाटोळं झालं?"

ताई, माझी एकतीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात ग्रामसेवक आणि पुढे ग्रामविकास अधिकारी म्हणून गेली. त्यातली बरीचशी खेड, चिपळूण, गुहागर या पट्ट्यात, म्हणजे लोटे-परशुरामच्या रासायनिक औद्योगिक वसाहतीच्या अवतीभवती. भलं आणि वाटोळं हे दोन्ही शब्द मला मोठे वाटतात. एकाच वाडीत, सख्ख्या दोन भावांच्या घरांत, मी दोन्ही पाहिलंय. थोरल्याचा मुलगा कंपनीत ऑपरेटर, घरावर स्लॅब, मुलगी डीफार्मला. धाकट्याचा भात आणि खाडीवरचा धंदा दोन्ही बसलं, आणि तो साठाव्या वर्षी त्याच कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासतो. तुम्ही सरासरी काढलीत तर गाव सुधारलेलं दिसेल. सरासरी काढणाऱ्याला धाकटा भेटलेला नसतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. बाहेरचा मालक गावात कधी येत नाही. तो गावातल्याच चार माणसांमधून येतो. गावाचं काय होणार हे पगाराच्या आकड्यापेक्षा त्या चार माणसांवर आणि गावाने आधी कागदावर काय घेतलं यावर जास्त ठरतं.

एक प्रसंग सांगतो. एका गावात मी नवीनच हजर झालो होतो. करआकारणीची वही, म्हणजे नमुना ८, उघडून बघितली तर कारखान्याच्या नावापुढे एकच शेड. ती नोंद पहिल्या वर्षीची. रस्त्यावरून मात्र चार शेड दिसत होत्या, शिवाय एक नवीन बॉयलर हाऊस. सरपंच, एक सदस्य आणि मी टेप आणि वही घेऊन मोजमापाला गेलो. गेटवर अडवलं. अडवणारा मुलगा वाडीतलाच, ठेकेदाराचा निळा गणवेश घातलेला. ज्या जमिनीवर गेट उभं होतं ती त्याच्या आजोबांच्या कुळाची. मान खाली घालून म्हणाला, "भाऊसाहेब, ओळखतो तुम्हाला, पण पास नाय तर सोडता येत नाय." आत फोन गेला, आतून मुंबईला गेला. आम्ही आंब्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दोन तास बसलो. चहा चांगला आला, पास आला नाही. सरपंच त्या मुलावर भडकले, आणि त्या दोन घरांचं बोलणं शिमग्यापर्यंत बंद राहिलं. मुंबईत ज्या साहेबाने नाही म्हटलं त्याचं नाव आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

गावातलीच माणसं आपसात भांडतात ही गोष्ट पुन्हा पुन्हा घडते, आणि ती ठेक्यांवरून. मजूर पुरवायचा ठेका, पाण्याचे टँकर, जेसीबी, बस, कॅन्टीन, बागकाम आणि सगळ्यात वर भंगार. भंगाराचं नाव काढल्यावर तुम्हाला हसू येईल, पण कारखान्याच्या गावात सरपंचपदाची निवडणूक कशावरून रंगते ते विचारून बघा. पूर्वी पाखाडी आणि पालखीच्या मानावरून वाद व्हायचे, ते गावकीत बसून मिटायचे. भंगाराचा वाद गावकीत मिटत नाही, कारण तो मिटवणारा माणूस गावात राहत नाही. कंपनीचा एचआर मॅनेजर तीन वर्षांनी बदलतो. त्याला गावात शांतता हवी असते, आणि ती मिळवण्याचा स्वस्त रस्ता म्हणजे जो जास्त आवाज करतो त्याला एक ठेका देणं. हळूहळू गावात बोलणारी माणसं कंपनीच्या बिलांवर जगायला लागतात. खाडीला फेस आला की पहिल्यांदा तेच गप्प बसतात.

आता पैशाचं बघू. कारखान्याची उलाढाल कोटींची असली तरी त्यातून ग्रामपंचायतीच्या हातात थेट येतं ते मुख्यतः घरपट्टी आणि किरकोळ कर. आयकर दिल्लीला जातो, जीएसटी माल जिथे खपतो तिकडे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात कलम 124 खाली कर लावता येतो, आणि कलम 125 मध्ये कारखान्यांसाठी वेगळी वाट आहे: शासनाच्या मान्यतेने करांऐवजी एक ठोक रक्कम ठरवून घ्यायची. ही ठोक रक्कम कंपन्यांना आवडते, आणि थकलेल्या ग्रामपंचायतींनाही, कारण दरवर्षी वसुलीचा त्रास नको. पण ठरलेली रक्कम तिथेच राहते आणि शेड वाढत जातात. आमच्या त्या गावात नेमकं तेच झालं होतं. पुढे पंचायत समितीकडून पत्र नेलं तेव्हा मोजमाप झालं, मागणी वाढली, आणि आलेल्या पैशातून दोन वाड्यांची नळपाणी योजना दुरुस्त झाली. ताई, तुमच्याकडे ठोक रकमेचा प्रस्ताव आला तर मुदत छोटी ठेवा आणि बांधकाम वाढलं की रक्कम वाढेल हे वाक्य करारात लिहून घ्या. ते नसेल तर सही करू नका.

सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या सामाजिक खर्चाचं, गाजर तुम्हाला पहिल्या बैठकीत दाखवतील. 2013 च्या कंपनी कायद्यातलं कलम 135 म्हणतं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची, आणि कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्यायचं. पण हे लागू होतं ते निव्वळ मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी यातली एखादी रेषा ओलांडणाऱ्या कंपनीला. औद्योगिक वसाहतीतले कितीतरी कारखाने त्या रेषेच्या खालीच असतात. जे वर असतात त्यांचा खर्च संचालक मंडळ ठरवतं, ग्रामसभा नव्हे. म्हणून गावाला हवी असते मे महिन्यातल्या पाण्याची सोय आणि मिळतात 'सौजन्य' लिहिलेली सिमेंटची बाकडी. आमच्याकडे त्यावर शेळ्या छान झोपतात. शाळेला संगणक मिळतात तेही वाईट नाही. पण सीएसआर ही देणगी आहे, घरपट्टी हा हक्क आहे. देणगीच्या नादात हक्क विसरलेली गावं मी पाहिली आहेत.

नोकऱ्यांबद्दल तुमच्या मंडळाचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. लोट्यात बीएस्सी केमिस्ट्री झालेली किंवा आयटीआयमध्ये अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हा ट्रेड केलेली स्थानिक मुलं चांगली लागली. त्यांच्या पगारावर घरं उभी राहिली, मुंबईच्या चाळीतली खोली सोडून काहीजण परत आले. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि नाकारणार नाही. पण दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, शासनाच्या धोरणात 80 टक्के स्थानिक असं जे म्हणतात त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिलेला माणूस. तुमच्या गावचा, तालुक्याचा असा अर्थ त्यात नाही. लातूरचा मुलगा घेतला तरी अट पुरी झाली. गावाला नोकऱ्या हव्या असतील तर किती, कोणत्या कामावर, कोणत्या प्रशिक्षणानंतर, हे वेगळं लिहून घ्यावं लागतं, आणि कारखाना उभा राहायच्या दोन वर्षं आधी मुलांना त्या ट्रेडला घालावं लागतं. गेट उघडल्यावर अर्ज घेऊन उभं राहिलं की हेल्परचंच काम मिळतं.

दुसरं, 'कंपनीत लागला' आणि 'ठेकेदारीत लागला' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, फक्त लग्न जुळवताना तो सांगत नाहीत. ठेकेदार बदलला की काम तेच, मशीन तेच, पण नोकरी पहिल्या दिवसापासून. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन नंबर मुलाच्या मोबाईलवर उघडून दाखवा म्हणा. कापलेले 12 टक्के आणि मालकाचे 12 टक्के खात्यात पडतात की नाही हे पाच मिनिटांत कळतं. ठेकेदाराने पगार बुडवला तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे मुलांना कुणी सांगत नाही, कारण सांगणारा तोच ठेकेदार, आणि तो मामा लागतो.

आता खाडीच्या वाड्यांकडे येतो, कारण त्यांचं 'नको' समजून न घेता तुम्ही ठराव कराल अशी मला भीती आहे.

लोट्याचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी पाइपलाइनने वाशिष्ठीच्या खाडीकडे जातं. त्या खाडीच्या काठावर भोई, खारवी, दाल्दी अशा वस्त्या आहेत, आणि प्रदूषणाविरुद्धचं त्यांचं भांडण गेल्या पिढीपासून चालू आहे. होड्यांचं नुकसान निदान मोजता येतं. होडीला नंबर असतो, मच्छीमार सोसायटीत नाव असतं. पण ओहोटीला कंबर वाकवून चिखलातून मुळे आणि तिसऱ्या हे शिंपले काढणारी, खडकावरची कालवं फोडणारी बाई कुठल्या वहीत असते? माझ्या ओळखीच्या एक मावशी होत्या. भरतीचं गणित त्यांना घड्याळाशिवाय पाठ. सकाळच्या ओहोटीला टोपली भरायच्या आणि दुपारपर्यंत बाजारात वाटे लावून बसायच्या. त्या वाट्यांवर दोन मुलांच्या वह्या, नवऱ्याचं औषध आणि भिशी चालायची. पुढे तिसऱ्या कमी झाल्या. मग मिळायच्या त्यांना वास यायला लागला आणि गिऱ्हाईक हात लावेना. नुकसानीच्या अर्जाची वेळ आली तेव्हा रकाना होता 'होडीचा नोंदणी क्रमांक'. मावशींनी मला विचारलं, "भाऊसाहेब, टोपलीचा नंबर कुठून आणू?" मी सरकारी माणूस, माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्ज गेलाच नाही.

तेव्हापासून मी एक काम प्रत्येक गावात करायला लावतो. कारखाना यायच्या आधी, ग्रामसभेच्या ठरावाने, प्रत्येक घराची न नोंदलेली कमाई लिहून काढा. कोण खाडीत जातं, किती महिने. कोण सड्यावर गुरं सोडतं. कोण करवंदं, काजू, रातांबे गोळा करून आमसुलं करतं. कोणत्या झऱ्याचं पाणी कुठल्या वाडीला एप्रिलपर्यंत पुरतं. सातबाऱ्यावर सडा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, म्हणून असतो, म्हणून मूल्यांकन करणाऱ्याला तो नुसता कातळ दिसतो. पण पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून मुरतं आणि खालच्या वाडीच्या विहिरीत उतरतं. सडा सपाट करून काँक्रीट केलं तर विहिरीचं काय, हे कंपनीचा सल्लागार आपण होऊन लिहीत नाही. तुमच्या राजापूरकडे तर सड्यावर कातळशिल्पं आहेत, त्यांची जागाही नकाशावर मांडून घ्या.

आणि एक कडू गोष्ट. कोकणात बाहेरचा मालक ही कंपनीने आणलेली नवी चीज नाही. खोती, म्हणजे खोतामार्फत सारा गोळा करायची पद्धत, रद्द करणारा कायदा 1949 चा. त्याआधी सारा कुठे जायचा ते आपल्या आज्यांना विचारावं. आणि आज कुठलाही सातबारा काढा, वीस-पंचवीस सामाईक नावं, त्यातली अर्धी विरार-नालासोपाऱ्याला, दोन-तीन वारलेली, बहिणींची नावं लागलेलीच नाहीत. जमीन कसणारा तिसराच, ज्याचं नाव ना मालकीत ना इतर अधिकारात. दलाल पहिल्यांदा गावात येत नाही, तो विरारला जातो. तिथे कुलमुखत्यारपत्र होतं, आणि गावातल्याला कळतं तेव्हा सड्यावर सिमेंटचे खुंटे लागलेले असतात. तुमचं मुंबई मंडळ 'येऊ दे' म्हणतं तेव्हा त्यांचा गावावरचा जीव खोटा नाही. पण विहीर आटली तर त्यांच्या नळाला पाणी येणारच असतं.

मग गावचाच मालक असता तर सगळं गोड असतं का? मुळीच नाही. आपल्याकडच्या काजूच्या कारखान्यांत बायका तुकड्यावर, किलोच्या भावाने बिया फोडतात. टरफलाच्या तेलाने बोटं काळी पडून सोलतात, आणि पीएफ विचारला तर मालक म्हणतो, "घरच्यासारख्याच ना तुम्ही?" त्या मानाने बाहेरची मोठी कंपनी पगार बँकेत टाकते आणि हेल्मेट देते. फरक दुसरीकडे आहे. काजूवाल्याची आई त्याच विहिरीचं पाणी पिते, त्याचा पोरगा त्याच शाळेत असतो, आणि होळीच्या पालखीपुढे त्याला उभं राहावं लागतं. त्याला लाज वाटेल असं काही बोलणारी म्हातारी गावात असते. बाहेरच्या मालकापर्यंत ती म्हातारी पोचत नाही.

या विषयावरचा एक जुना अभ्यास प्रसिद्ध आहे. 1940 च्या दशकात वॉल्टर गोल्डश्मिट या मानववंशशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातली आर्विन आणि दिनुबा ही दोन गावं तोलून पाहिली. दोन्हीकडे शेतीचं उत्पन्न साधारण सारखंच. आर्विनभोवती मोठी शेतं आणि मजुरांचा भरणा, दिनुबाभोवती कुटुंबांची लहान शेतं. दुकानं, शाळा, बागा, मंडळं सगळं दिनुबाला जास्त. ते गाव शेतीचं, आपला प्रश्न कारखान्याचा, म्हणून सगळं तसंच लागू होईल असं मी म्हणत नाही. पण गावात पैसा किती पिकतो यापेक्षा तो कुणाच्या हातातून फिरतो हे बघा, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

आणि निर्णय बाहेर असला की जाण्याचा निर्णयही बाहेरच होतो. गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूरचा एन्रॉनचा वीजप्रकल्प आठवा. प्रकल्प खाडीच्या या तीरावर, नाव पलीकडच्या दाभोळचं, इथपासूनच गंमत. 1992 ला सामंजस्य करार, मे 1999 मध्ये 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू, 2001 मध्ये विजेच्या दराच्या वादात बंद. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत मूळ कंपनीनेच दिवाळं काढलं. नवी सरकारी कंपनी उभी राहिली ती 2005 साली. आणायच्या वेळी अंजनवेलच्या माणसाला जेवढं विचारलं तेवढंच बंद करताना विचारलं. म्हणून बांधकामाच्या तेजीवर कर्ज काढून खोल्या बांधू नका, गाड्या घेऊ नका, हे तुमच्या गावात आत्ताच सांगा. बांधकामाला हजारो हात लागतात, चालवायला शेकड्यांत, आणि भाडेकरू पहिले जातात.

तुम्ही शेवटी विचारलंय, "मग आम्ही विरोध करायचा का?" ते ग्रामसभेने ठरवावं, मी पेन्शनर. पण कुठल्याही बाजूने जायचं तरी वेळ फार कमी असतो. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी निघते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो, पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. मंडपात घोषणा देऊन जे साधत नाही ते लेखी हरकतीने साधतं, कारण हरकत इतिवृत्तात जाते आणि कंपनीला तिचं उत्तर द्यावं लागतं. एक खाच लक्षात ठेवा: औद्योगिक वसाहतीला एकदा पर्यावरण मंजुरी मिळाली की आतल्या कारखान्यांना वेगळी जनसुनावणी लागत नाही. वसाहतीच्या सुनावणीला गाव झोपलं तर पुढे कुठला कारखाना येतो ते पाटी लागल्यावरच कळतं. मंजुरीतल्या अटी पाळल्याचा अहवाल कंपनीने 1 जून आणि 1 डिसेंबर असा वर्षातून दोनदा द्यायचा असतो. त्याची प्रत ग्रामपंचायतीला आपण होऊन येईल अशी वाट बघू नका, मागा.

आणि कंपनीशी काहीही लिहून घ्याल तेव्हा त्यात एक साधी ओळ घाला: सरपंच, ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) आणि खाडीकडच्या वाडीतल्या दोन बायका यांना महिन्यातून एकदा पासाशिवाय आत नेऊन सांडपाण्याची टाकी दाखवायची. कंपनीच्या वकिलाला ही ओळ सगळ्यात जास्त खटकेल, त्यावरूनच तुम्हाला काय ते कळेल.

सातबारे मात्र आधी काढा. वारस नोंदी, बहिणींची नावं, कसणाऱ्यांचे पुरावे, सगळं. झऱ्यांची आणि पायवाटांची पाहणी मेअखेरपर्यंत उरका. एकदा पाऊस लागला की प्रत्येक पऱ्या, म्हणजे ओढा, वाहतो आणि कुठला झरा बारमाही होता हे कुणालाच शपथेवर सांगता येत नाही.